दहा वर्षांची हमी

१६ जून १९९८ रोजी ब्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा पानमुनजोमची सीमा ओलांडून दक्षिण कोरियातून उत्तरेत गेला. सोबत ट्रकच्या ताफ्यात पाचशे गायी-बैल होते. ऑक्टोबरमध्ये त्याने आणखी पाचशे एक जनावरं नेली. या म्हाताऱ्याचं नाव चुंग जू-युंग, ह्युंदाई उद्योगसमूहाचा संस्थापक. उत्तर कोरियातलं तोंगचोन हे त्याचं गाव. शेतकऱ्याच्या घरातला हा थोरला मुलगा पोरवयात बापाने गाय विकून आणलेले पैसे उचलून सोलला पळून गेला होता. त्या एका गायीचं कर्ज आपण हजार गायींनी फेडतो आहोत, असं तो म्हणाला. जगभरच्या वाहिन्यांनी ते दृश्य दाखवलं.

त्याच वर्षी त्याच्या मोटार कंपनीत काय चाललं होतं, ते मात्र फारसं कुणी दाखवलं नाही. कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली होती, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यायची पाळी आली होती आणि मोटारींचा खप बसला होता. उल्सानच्या कारखान्यात छत्तीस दिवसांचा संप झाला. दिवाळखोरीत गेलेली किया कंपनी लिलावात ह्युंदाईच्या पदरात पडली. सप्टेंबरमध्ये चेन्नईजवळच्या कोऱ्या कारखान्यातून सँट्रो नावाची छोटी गाडी बाजारात आली. आणि वर्षाच्या शेवटी अमेरिकेत ह्युंदाईने इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षांची हमी जाहीर केली. ज्या कंपनीच्या गाड्या अमेरिकेत टीव्हीवरच्या विनोदांचा विषय होत्या, तिने दहा वर्षांची जबाबदारी घ्यावी, याला तेव्हा बहुतेकांनी वेडेपणाच म्हटलं.

मला ह्युंदाईच्या इतिहासातलं हेच वर्ष सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ही कंपनी कमी किमतीमुळे मोठी झाली असं सर्रास म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. कमी किमतीने तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं आणि त्याच कमी किमतीने दोनदा तोंडावर आपटवलं. तिला तारलं ते गाडी बिघडली तर खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नाला दिलेल्या उत्तराने. जिथे ते उत्तर तिने टाळलं, तिथे आजही ती बदनाम आहे.

ह्युंदाई मोटरची स्थापना डिसेंबर १९६७ ची. चुंगला यंत्रांची ओळख त्याआधीपासून होती. जपानी अमदानीत, १९४० साली, त्याने सोलमध्ये मोटारदुरुस्तीचं गॅरेज चालवायला घेतलं होतं. पुढे बांधकामात पैसा केला. मोटार बनवायची ठरवल्यावर फोर्डशी करार केला आणि १९६८ मध्ये उल्सानला इंग्लिश कॉर्टिना जोडायला घेतली. सुटे भाग यायचे, इथे जोडले जायचे. ही गाडी इंग्लंडच्या डांबरी रस्त्यांसाठी घडलेली आणि कोरियातले तेव्हाचे बहुतेक रस्ते कच्चे. त्यावर त्या धावायच्या टॅक्सी म्हणून, दिवसरात्र, खच्चून भरलेल्या. सस्पेन्शन मोडायचं, ब्रेक बिघडायचे. त्यात १९६९ मध्ये पुराचं पाणी कारखान्यात शिरलं आणि भिजलेल्या गाड्या आपल्या गळ्यात मारल्या अशी बोलवा उठली. टॅक्सीवाल्यांनी हप्ते थकवले, कंपनीच्या दारात गाड्या उभ्या करून कर्णे वाजवले. ह्युंदाईने बदनामीची पहिली चव घेतली ती अशी घरच्याच माणसांकडून.

फोर्डशी फाटलं. मग चुंगचा धाकटा भाऊ चुंग से-युंग याने स्वतःची गाडी काढायचं ठरवलं. ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीतून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल यांना कोरियात आणलं, आकार-रेखाटनाचं काम इटलीतल्या जॉर्जेतो जुजारो यांना दिलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जपानच्या मित्सुबिशीकडून घेतला. म्हणजे नाव सोडलं तर गाडीतलं महत्त्वाचं सगळं उसनं. पण या उसनवारीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुजारोंच्या तुरिनमधल्या स्टुडिओत ह्युंदाईने आपले मूठभर तरुण इंजिनीअर पाठवले. त्यांना शिकवायचं असं करारात काही नव्हतं, फक्त काम पाहायची मुभा होती. दिवसभर पाहायचं आणि रात्री खोलीवर बसून सगळ्यांनी मिळून आठवेल तेवढं लिहून काढायचं, असा त्यांचा परिपाठ झाला. लिहायचं काम ली चुंग-गू नावाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे होतं. आराखडा कसा मांडतात, पत्र्याचे साचे कोणत्या क्रमाने करतात, मोजमापाची खूण कुठे धरतात, हे सगळं त्याच्या वहीत उतरलं. कोरियाच्या मोटार उद्योगात ‘ली यांची वही’ अजूनही प्रसिद्ध आहे. ली पुढे ह्युंदाईचे अध्यक्ष झाले.

या खटाटोपातून निघालेली पोनी १९७४ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९७५ च्या डिसेंबरात उल्सानला तयार होऊ लागली. कोरियाची पहिली स्वतःची गाडी. १९७६ मध्ये पाच-सहा पोनी इक्वाडोरला गेल्या, तीच पहिली निर्यात. नंतर कॅनडात तिने अनपेक्षित धुमाकूळ घातला आणि कंपनीच्या तोंडाला पाणी सुटलं ते अमेरिकेच्या बाजाराचं.

१९८६ च्या सुरुवातीला एक्सेल अमेरिकेत उतरली. किंमत ४,९९५ डॉलर. नवीकोरी गाडी पाच हजारांच्या आत, म्हणजे चांगल्या जुन्या गाडीच्या भावात. पहिल्याच वर्षात १,६८,८८२ गाड्या खपल्या. परदेशी कंपनीने पहिल्या वर्षी इतक्या गाड्या विकण्याचा तो विक्रम होता. पुढच्या वर्षी खप अडीच लाखांवर गेला. पण दोन-तीन हिवाळे गेल्यावर गाड्यांचं खरं रूप दिसू लागलं. पत्रा गंजायचा, रंग उडायचा, इंजिन दम सोडायचं. कर्जाचे हप्ते शिल्लक आणि गाडी दारात बंद, अशी हजारो घरांची अवस्था झाली. ज्यांना दुसरी कुठलीच नवी गाडी परवडत नव्हती, त्यांनीच ही घेतली होती. त्यामुळे नुकसानही अशाच लोकांचं झालं ज्यांना ते सोसणारं नव्हतं. कॅनडात, क्विबेकमधल्या ब्रोमाँट इथे १९८९ मध्ये उघडलेला कारखाना चार वर्षांत बंद करावा लागला. १९९८ पर्यंत अमेरिकेतली वार्षिक विक्री नव्वद हजारांच्या आसपास घसरली.

या पडत्या काळात उल्सानपासून दूर, माबुक-री इथल्या संशोधन केंद्रात एक काम चाललं होतं. मित्सुबिशीच्या प्रत्येक इंजिनामागे ह्युंदाईला पैसे मोजावे लागत होते आणि नवं तंत्र ती हात राखूनच देत होती. जनरल मोटर्समध्ये काम केलेले ली ह्यून-सून यांना बोलावून घेऊन ह्युंदाईने १९८४ मध्ये स्वतःचं इंजिन बनवायला घेतलं. पहिला नमुना चाचणीत फुटला. त्यानंतर आणखी अकरा फुटले. कोरियन अभ्यासक लिन्सू किम यांनी या प्रकल्पाचा हिशेब मांडून ठेवला आहे: आराखड्यात २८८ बदल, चाचणीची ३२४ इंजिनं. आठवडाभर राबून एक इंजिन उभं करायचं, चाचणीच्या बाकावर चढवायचं, ते तडकलेलं पाहायचं आणि पुन्हा कागदाकडे वळायचं, असं सात वर्षं. १९९१ मध्ये अल्फा इंजिन गाडीत बसलं. २००२ मध्ये तर उलटंच झालं. ह्युंदाईच्या थीटा इंजिनाच्या आराखड्यावर डेमलर-क्रायस्लर आणि मित्सुबिशी यांनी ह्युंदाईबरोबर भागीदारी केली. काल ज्याच्याकडे हात पसरले, तोच आज आराखडा घ्यायला आला.

आता पुन्हा १९९८ कडे. उल्सानमध्ये कंपनीला दीड हजारांवर कामगार काढायचे होते. हजारो जण आधीच स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेले होते. जुलैच्या उकाड्यात संप सुरू झाला, कामगार बायकापोरांसह कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून राहिले. सरकारच्या मध्यस्थीने ऑगस्टच्या शेवटी तडजोड झाली आणि फक्त २७७ जणांना काढायचं ठरलं. त्यातल्या १४४ जणी कारखान्याच्या खानावळीत काम करणाऱ्या बायका होत्या. छत्तीस दिवस संपकऱ्यांना जेवण रांधून घातलं ते त्यांनीच. तडजोडीच्या टेबलावर संघटनेने त्यांनाच सोडून दिलं. ह्युंदाईच्या यशाच्या कहाण्यांत हा प्रसंग सहसा येत नाही. मी तो इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण गाडीची किंमत कमी राखताना कात्री कुणावर चालते, हा या कंपनीच्या इतिहासातला कायमचा प्रश्न आहे.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात सूत्रं संस्थापकाचा मुलगा चुंग मोंग-कू याच्याकडे आली. हा माणूस वर्षानुवर्षं कंपनीच्या दुरुस्ती-सेवा विभागाचा प्रमुख होता. म्हणजे विक्रीचे आकडे बघत नव्हे, तर परत आलेल्या गाड्या बघत तो वर चढला होता. अमेरिकेतली दहा वर्षांची हमी त्याच्या आगमनाच्या वेळचीच. तिचे तपशील पाहण्यासारखे आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैल, यातलं जे आधी होईल ते. बाकी गाडीला पाच वर्षं किंवा साठ हजार मैल. दहा वर्षांचा लाभ पहिल्या मालकालाच, गाडी विकली की हमी आखडती. तेव्हा बहुतेक कंपन्या तीन वर्षांवर थांबत होत्या.

जाहिरात म्हणून ही हमी बिनतोड होती, पण तिचा खरा परिणाम कारखान्याच्या आत झाला. हमी तीन वर्षांची असेल तर चौथ्या वर्षी गळणारं सील हे गिऱ्हाइकाचं दुखणं. दहा वर्षांची असेल तर ते कंपनीच्या वहीत खर्च म्हणून येतं, आज विकलेल्या प्रत्येक गाडीमागे पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात. साहजिकच हिशेबनीस आणि इंजिनीअर एकाच बाजूला येऊन बसले. स्वस्त रबराचा गास्केट लावून वाचलेले पैसे दहा वर्षांत दसपट जाणार असतील तर तो लावायचा कोण? गुणवत्तेसाठी स्वतंत्र विभाग झाला, जगभरातून येणाऱ्या तक्रारी थेट मुख्यालयात येऊ लागल्या. २००४ मध्ये जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेच्या नव्या गाड्यांच्या दोषपाहणीत ह्युंदाईने होंडाच्या बरोबरीने दुसरा क्रमांक मिळवला. एक्सेलला हसणाऱ्या देशात हे घडलं, आणि अवघ्या सहा वर्षांत. २००९ च्या मंदीत तिने आणखी एक पाऊल टाकलं: गाडी घेतल्यावर वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत करा. गाड्या परत आल्या थोड्याच. एकूण बाजार पाचव्या हिश्शाने आक्रसला त्या वर्षी ह्युंदाईची अमेरिकेतली विक्री मात्र आठ टक्क्यांनी वाढली.

भारतातली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. परदेशी मोटार कंपन्या तेव्हा इथल्या भागीदाराचा हात धरून येत. ह्युंदाई एकटी आली. डिसेंबर १९९६ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला पायाभरणी आणि दोन वर्षांच्या आत गाडी रस्त्यावर. सुटे भाग पुरवणारे कोरियन कारखानदारही तिने बरोबर आणून शेजारी बसवले. शाहरुख खानच्या पहिल्या जाहिरातीत एक कोरियन अधिकारी त्याला या अनोळखी कंपनीची जाहिरात करायला पटवत असतो आणि शाहरुख सामान्य गिऱ्हाइकाच्या मनातल्याच शंका विचारत राहतो. अनोळखी असणं हाच त्या जाहिरातीचा विषय होता.

सँट्रोच्या उंच टपाला लोकांनी आधी नाकं मुरडली. पण आमच्या आळीत पहिली सँट्रो आली तेव्हा शेजारच्या आजींना तिच्यात बसताना मी पाहिलं आहे. नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेले. मारुती ८०० मध्ये बसायचं तर त्यांना आधी डोकं आत घालून, मग कमरेत वाकून, सीटवर जवळजवळ पडावं लागे आणि उतरताना दोघांनी हात द्यावा लागे. सँट्रोचं दार उघडलं की सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला यायची. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून नुसत्या टेकल्या, पाय आत घेतले, पदर सावरला, झालं. एवढ्या एका सोयीमुळे कितीतरी घरांत आजी-आजोबांचं मत सँट्रोच्या पारड्यात पडलं असणार. लवकरच मारुतीनेही उंच टपाची वॅगन-आर आणली.

१९९८ च्या अखेरीस आपल्याकडे तीन छोट्या गाड्या लागोपाठ आल्या: सँट्रो, देवूची मातीझ आणि पिंपरीच्या टाटांची इंडिका. देखणी म्हणाल तर मातीझ. तिचं रूपही जुजारोंच्याच स्टुडिओतलं. पण मूळ देवू कंपनी २००० मध्ये बुडाली आणि मातीझवाले सुट्या भागांसाठी दारोदार झाले. इंडिकाच्या पहिल्या गाड्यांत खोड्या निघाल्या. टाटांनी त्या पदरमोड करून निस्तरल्या आणि २००१ मध्ये सुधारित इंडिका आणून नाव परत मिळवलं. सँट्रो तशी साधी गाडी, पण तिचा मालक अडून पडला नाही. तालुक्याच्या गावीही भाग मिळत गेले, मेकॅनिकांचा हात बसला. सोळा वर्षं ती टिकली. ह्युंदाई मारुतीखालोखाल दुसऱ्या नंबरवर जाऊन बसली ती याच पुण्याईवर, आणि मग आय१०, आय२०, क्रेटा अशी किंमत चढत गेली. बहीण किया २०१९ मध्ये अनंतपूर जिल्ह्यातून सेल्टॉस घेऊन उतरली तेव्हा तिला स्वस्त म्हणवून घ्यायची गरजच पडली नाही.

एवढं सगळं झाल्यावरही कंपनीचा पाय घसरला, तोही इंजिनातच. अल्फासाठी ३२४ इंजिनं चाचणीला लावणाऱ्यांच्या वारसांनी बनवलेलं थीटा-२ हे इंजिन अमेरिकेत २०११ पासूनच्या सोनाटा गाड्यांत होतं. क्रँकशाफ्टमध्ये तेल वाहून नेणारी बारीक भोकं पाडतात. ती पाडताना निघालेला धातूचा चुरा नीट साफ झाला नाही तर तो तेलाबरोबर बेअरिंगच्या सांध्यात जातो. तिथे तेलाचा पातळ पापुद्रा हाच काय तो आधार असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. आधी ठकठक ऐकू येते आणि मग भर हमरस्त्यावर इंजिन जाम होतं. काही गाड्यांनी पेट घेतला. २०१५ मध्ये पहिल्यांदा सुमारे पावणेपाच लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. दोष त्याहून पसरलेला आहे आणि कंपनीला ते ठाऊक आहे, हे सांगायला कंपनीतलाच माणूस पुढे यावा लागला. सव्वीस वर्षं नोकरी केलेले इंजिनीअर किम ग्वांग-हो २०१६ मध्ये कागदपत्रं घेऊन अमेरिकी वाहन-सुरक्षा यंत्रणेकडे गेले. त्यांना नोकरीवरून काढलं गेलं. २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया यांच्यावर मिळून २१ कोटी डॉलरांची दंडात्मक तडजोड लादली गेली आणि पुढच्या वर्षी किम यांना दोन कोटी चाळीस लाख डॉलरांहून अधिक बक्षीस मिळालं. हमी देणं सोपं असतं असं नाही, पण आपणहून दोष कबूल करणं त्याहून अवघड आहे, आणि तिथे ही कंपनी कमी पडली.

दुसरं प्रकरण तर मला अधिक बोचतं. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर २०१५ च्या सुमारास अमेरिकेत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत होता. ह्युंदाई-कियाच्या मात्र २६ टक्क्यांत. कमी किमतीच्या मॉडेलांतून तो गाळला होता. कॅनडात २००७ पासून कायद्याने सक्तीचा असल्याने तिथल्या त्याच गाड्यांत तो होता. २०२१ मध्ये मिलवॉकी शहरातल्या पोरांनी स्टिअरिंगखालचं आवरण फोडून यूएसबी वायरच्या टोकाने गाडी सुरू करायची युक्ती काढली आणि तिचे व्हिडिओ देशभर फिरले. काही विमा कंपन्यांनी या गाड्यांचा विमा उतरवणंच बंद केलं. अपघात झाले, मुलं मेली. २०२३ मध्ये सुमारे वीस कोटी डॉलरांची तडजोड झाली. ज्यांनी परवडते म्हणून गाडी घेतली त्यांच्याच दारातून ती गेली. १९८६ च्या एक्सेलवाल्यांशी यांचं नातं सरळ जोडता येतं.

आपल्याकडे कायदा सैल होता तिथे हेच दिसलं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडकचाचणीत आय१० ला शून्य तारे मिळाले. तेव्हा अल्टो, नॅनो, पोलो, फिगो सगळ्यांची हीच गत होती, पण युरोपात विकताना सुरक्षित गाड्या बनवणाऱ्या कंपनीला ते सबब म्हणून चालणार नाही. २०२३ मध्ये नव्या वेर्नाला पाच तारे मिळाले आणि सर्व मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या. उशिरा का होईना, हे झालं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्युंदाई इंडियाच्या शेअरची विक्री झाली, २७,८७० कोटी रुपयांची. ती तेव्हा देशातली सर्वांत मोठी ठरली. सगळा पैसा कोरियातल्या मूळ कंपनीला गेला.

आणि आता ह्युंदाई महाराष्ट्रात आली आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना तिने घेतला. करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि ताबा पुढच्या जानेवारीत मिळाला. २००८ मध्ये उघडलेल्या त्या कारखान्यात शेवरोले स्पार्क बनत असे, म्हणजे देवूच्या त्याच मातीझची पुढची पिढी, नाव बदललेली. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, २०२० च्या शेवटी तळेगावचं उत्पादनही थांबवलं. कामगारांनी नोकरी आणि भरपाईसाठी वर्षानुवर्षं न्यायालयात आणि रस्त्यावर झुंज दिली. २०२५ च्या शेवटी त्याच शेडमधून नवी व्हेन्यू बाहेर पडू लागली. तळेगाव-चाकण पट्ट्यातले सुट्या भागांचे छोटे कारखानदार आज ह्युंदाईच्या ऑर्डरकडे डोळे लावून बसले आहेत. स्पार्क जोडलेले हात तिथे अजून आहेत, चाळिशी-पन्नाशीतले, कुणी रिक्षा चालवतात, कुणी कंत्राटी कामावर जातात. नव्या भरतीत अनुभवी माणसांना किती जागा मिळतात आणि कायम किती, कंत्राटी किती, हे आकडे कंपनीने आणि राज्य सरकारने तालुक्यापुढे ठेवायला हवेत.